हे कुणी केलंय?

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात तुमचं मशीन टेबलावर गेलं, बाजूचा पत्रा निघाला, की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "हे कुणी केलंय?" नांदेडला श्रीनगरात ऐका, वजिराबादेत ऐका, नाहीतर लातूरला औसा रोडवर किंवा गंजगोलाईच्या मागच्या बोळात ऐका; वाक्य तेच आणि सूरही तोच. त्याला उत्तर नको असतं. मागच्या खेपेला त्यानंच केलेलं असलं तरी तो हे विचारतो. आपण धीर करून "तुम्हीच की" म्हणालो, तर जराही न वरमता म्हणतो, "मंग पोरानं केलं आसंल." दुकानात एक पोरगं असतंच. ते दर दिवाळीनंतर बदलतं, त्यामुळे आरोप नेहमी आधीच्या पोरावर जातो.

या माणसाचं खरं नाव गिऱ्हाइकांना ठाऊक नसतं. सगळ्यांच्या मोबाइलमध्ये त्याचा नंबर 'फॉरमॅटवाले' असा असतो. आपण त्याला फॉरमॅटमामा म्हणू. हा एक माणूस नाही, हे वाण आहे. तालुक्याच्या प्रत्येक गावात ते उगवतं आणि बाजारपेठेच्या गावात त्याचे दहा-वीस नमुने एका रस्त्यावर सापडतात.

हे वाण आलं कुठून, याचा इतिहास फार जुना नाही. २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झालं, विंडोज एक्सपीही त्याच वर्षी आलं. सरकारी नोकरीत कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट मागू लागले तशी तालुक्या-तालुक्याला सेंटरं निघाली. त्या सेंटरांत बूट बाहेर काढायला लावणारा, माउसचा गोळा पुसून देणारा आणि मास्तर नसताना मास्तरकी करणारा जो चुणचुणीत मुलगा होता, तोच आजचा मामा. शिकला तो पडलेल्या मशीनवर. तिकडे नांदेडजवळ विष्णुपुरीला श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था १९८१पासून आहे. तिथून दरवर्षी रीतसर कॉम्प्युटर इंजिनिअर बाहेर पडतात आणि बहुतेक सरळ पुण्याच्या गाडीत बसतात. हीच मंडळी दिवाळीला गावी आली आणि वडिलांचा लॅपटॉप उघडेनासा झाला, तर तो घेऊन मामाकडेच येतात. "आमचं काम सॉफ्टवेअरचं असतं," असं काहीसं पुटपुटत बाजूला उभी राहतात. मामा त्यांना खुर्चीसुद्धा देत नाही.

मामाचा एक सिद्धांत आहे: मशीनमध्ये दोनच गोष्टी बिघडतात. एक विंडोज, दुसरं नशीब. नशिबावर इलाज नाही, म्हणून विंडोज बदलायचं. प्रिंटर चालेना, फॉरमॅट. नेट लागंना, फॉरमॅट. आवाज येईनासा झाला, तर आधी स्पीकरची वायर बघायची असते, पण ती मामा फॉरमॅट झाल्यावर बघतो. एका किराणा दुकानदाराच्या मशीनची तारीख रोज सकाळी काही वर्षं मागे जायची आणि त्यामुळे बँकेची साइट उघडत नव्हती. बोर्डावरचा बटणाएवढा सेल, ज्याला सीआर २०३२ म्हणतात, तो संपला होता. वीस-तीस रुपयांची वस्तू. दुकानदारानं तोवर तीनदा विंडोज टाकून घेतलं होतं आणि दरवेळी संध्याकाळपर्यंत मशीन झकास चाललं होतं, कारण संध्याकाळपर्यंत कुणी बटण बंद केलं नव्हतं.

तरीही मी मामाच्या बाजूचा आहे. स्टुलावर बसून त्याचं काम बघायला मला आवडतं आणि तो चहाही पाजतो.

नवी डिस्क टाकायला आली की त्याचा चेहरा उजळतो. हल्ली गोल फिरणारी जुनी हार्डडिस्क कुणी घेत नाही, एसएसडी घेतात. पण गिऱ्हाईक तिलाही हार्डडिस्कच म्हणतं आणि मामाही. पत्रा निघतो. स्क्रू चहाच्या कागदी कपात पडतात आणि त्यातला एक कपात न पडता टेबलाखाली जातो. रॅम काढून तिच्या सोनेरी दातांवर शाळकरी खोडरबर घासलं जातं. रॅमचं काही दुखत नसतं, पण काढलीच आहे तर घासायची. नवी डिस्क अडीच इंची आणि कॅबिनेटमधली जागा साडेतीन इंची, म्हणून ती दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपवर बसते. मग केबल. ही केबल हा मामाचा खरा शत्रू आहे. डिस्क दिसली नाही तर आधी केबल काढून पुन्हा लावायची, मग बोर्डावरचं दुसरं भोक, मग दुसरी केबल. आणि एवढं करून जेव्हा स्क्रीनवर डिस्कचं नाव उमटतं, तेव्हा मामा पोराकडे असा बघतो, जणू ती आपणच जन्माला घातली आहे.

आता पेनड्राइव्ह. मामाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात विंडोज टाकायचे तीन-चार लोंबत असतात आणि बहुधा एकावरही नाव नसतं. मशीन सुरू होताना कुठलं बटण दाबायचं ते कंपनीगणिक वेगळं: कुठे एफ १२, कुठे एफ ९, कुठे एस्केप, कुठे डिलीट. मामा लक्षात ठेवायच्या भानगडीत पडत नाही. दोन्ही हातांची बोटं वरच्या अख्ख्या ओळीवर टाकतो आणि मशीनला जे पाहिजे ते ते घेतं.

इथे दोन गावांतला फरक सुरू होतो.

नांदेडचा मामा हा गप्पांचा माणूस. त्याच्याकडे देगलूर-धर्माबादहून तेलुगू बोलणारं गिऱ्हाईक येतं, इतवाऱ्यातून दखनी बोलणारं येतं, गुरुद्वाऱ्याच्या बाजूनं पंजाबी येतं. तो सगळ्यांशी त्यांच्या भाषेत बोलतो. फक्त मशीन इंग्रजी बोलतं, आणि त्याच्याशी मामाचा संवाद नाही. स्क्रीनवर चौकट आली की तो ती वाचत नाही, तिचा आकार बघतो. मोठी चौकट म्हणजे गंभीर, छोटी म्हणजे नेक्स्ट. निळी स्क्रीन आली तर बटण दाबून बंद. "वाचाय बसलं तर दुकान कवा चालवावं मालक?" हा त्याचा सवाल बिनतोड आहे.

लातूरचा मामा वेगळ्या पाण्यातला. ज्या गावानं सराव परीक्षा घेऊन घेऊन 'लातूर पॅटर्न' महाराष्ट्रभर गाजवला, त्या गावचं वळण त्याला लागलं आहे. त्याच्याकडे वही असते. लांबट, लाल पुठ्ठ्याची, व्यापारी वापरतात तशी. डाव्या पानावर आलेला एरर जसाच्या तसा उतरवलेला, उजव्या पानावर उत्तर. तो बोलत नाही. विचारलं तर "थांबा" म्हणतो. त्याच्या पेनड्राइव्हवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात: 'दहा', 'अकरा', 'ड्रायव्हर'. आणि गिऱ्हाइकाला तो प्रश्न विचारतो, आधी सोपे, मग अवघड. "शेवटी कधी चालू होतं? तेव्हा वीज गेली होती का? मध्ये कुणी हात लावला?" दोन मार्कांचे प्रश्न संपवून तो दहा मार्कांच्या प्रश्नाकडे जातो.

नांदेड-लातूर रस्त्यावर लोहा गेलं की अहमदपूर लागतं, ते दोन्ही शहरांच्या साधारण मध्ये. त्यामुळे अहमदपूरच्या माणसाला मशीन बिघडलं की आधी ठरवावं लागतं, वर नांदेडला जायचं की खाली लातूरला. तिथल्या एका सेवा केंद्र चालवणाऱ्या गृहस्थांची गोष्ट दोन्ही मामा सांगतात, दोघांच्या सांगण्यात खलनायक तेवढा बदलतो.

जुलै महिना. केंद्रावर पीक विम्याची गर्दी. सोयाबीनवाले सातबारा आणि बँक पासबुक घेऊन सकाळपासून ओट्यावर. जुनं मशीन इतकं मंद की एक अर्ज भरेपर्यंत शेतकरी तंबाखू मळून, खाऊन, थुंकून परत येई. कुणीतरी सांगितलं, एसएसडी टाका, विमान होईल. गृहस्थ मशीन पोत्यात घालून एसटीनं नांदेडला गेले.

नांदेडच्या मामानं नवी डिस्क बसवली, जुनी तशीच राहू दिली; "राहू द्या की, डेटा हाय तिच्यात" म्हणाला. त्याचा हेतू चांगला होता, सगळा घोटाळा त्या चांगुलपणातच झाला. पेनड्राइव्ह लावला, आणि डिस्क निवडताच चौकट आली: या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही, तिची पार्टिशनची रीत जीपीटी आहे. चौकट मोठी होती. मामानं केबल बदलली. भोक बदललं. पेनड्राइव्ह बदलला. पोराला चहा सांगितला. भानगड एवढीच होती की सुरुवातीच्या यादीत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा नावाआधी 'यूईएफआय' लावून. मामा नेहमी वरचा निवडत होता, कारण तो वर होता. जुन्या रीतीनं सुरू झालेल्या सेटअपला नव्या रीतीची डिस्क चालत नाही. एमबीआर आणि जीपीटी या दोन वेगळ्या मांडण्या आहेत, आणि एमबीआरला दोन टीबीच्या पलीकडची जागा पुरती वापरताच येत नाही म्हणून दुसरी आली. चहा आला, मामानं कप एका हातात घेतला, दुसऱ्या हातानं खालचा बाण चुकून दाबला गेला, आणि सेटअप सुरळीत पुढे गेला. मामाच्या अनुभवात त्या दिवशी भर पडली ती अशी: नवीन डिस्कला चहा सांगितल्याबिगर चालत नाही.

मग मामाचा आवडता भाग, टक्केवारी. ऐंशीच्या पुढे आकडा अडकतो. त्या वेळी मशीनकडे बघायचं नसतं, बघितलं की ते जास्त अडकतं. मामानं आपल्या मुलीच्या नीटच्या क्लासची फी सांगितली, गोदावरीला पाणी किती आलंय ते सांगितलं. शंभर झाले, मशीन आपणहून बंद होऊन सुरू झालं आणि पुन्हा पहिल्यापासून 'इन्स्टॉल नाऊ' विचारू लागलं, कारण पेनड्राइव्ह काढायचा राहिला होता. इथे घरी स्वतः विंडोज टाकणारी कित्येक कॉलेजची मुलं रात्र घालवतात. पुन्हा इन्स्टॉल करतात, पुन्हा तिथेच येतात. मामाला मात्र हे पाठ आहे. त्यानं पेनड्राइव्ह उपटला. विंडोज उघडलं.

गृहस्थांनी 'माय कॉम्प्युटर' उघडून डिस्कवर बोट ठेवलं. "मामा, एक टीबीचे पैशे घेतलाव आन् हितं ९३१ जीबी दावायलंय. बाकीचं कुटं गेलं?"

"ते आसंच दाखवतंय."

"आसं कसं? ६९ जीबी कमी हाय की."

मामाचं उत्तर ठरलेलं आहे, ते त्यानं मोंढ्यातून, धान्याच्या बाजारातून, आणलंय. "मालक, मोंढ्यात सोयाबीन घालताव, तवा कडता कापत्यात का न्हाई? हे कंपनीचा कडता." गृहस्थ शांत झाले. खरं कारण असं की डिस्क बनवणारे हजाराच्या पटीनं मोजतात आणि विंडोज १०२४च्या पटीनं मोजून त्यालाही जीबीच म्हणतं, त्यामुळे एक लाख कोटी बाइटचे ९३१ होतात. माल एक कणभर कमी नसतो. पण हे सांगितलं असतं तर गृहस्थांना संशय आला असता. वजनातून कापला जाणारा कडता त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

"आन् विंडोज वरिजनल हाय न्हवं?"

"एकदम वरिजनल. मी सोता टाकलो की."

मशीन अहमदपूरला गेलं, आठ दिवस विमानासारखं उडालं. अंगठ्याच्या यंत्राचा ड्रायव्हर बसला, स्कॅनर बसला, मराठी टायपिंग बसलं. मग गृहस्थांना वाटलं, जुनी डिस्क उगाच आत वीज खाते. तिला बाहेरचं खोकं लावू आणि फोटो ठेवायला घेऊ. जुनी काढली आणि नवी मेली. काळ्या स्क्रीनवर पांढरी ओळ: सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही. जुनी परत लावली की सगळं ठीक. काढली की काळोख. ओट्यावरच्या एका आजोबांनी निदान केलं की सासू-सुनेचं जमतंय, सासू गेली की सून काम टाकती.

या खेपेला गृहस्थ खाली लातूरला गेले.

लातूरच्या मामानं पत्रा काढला, टेपवर बसलेली डिस्क बघितली. "हे कुणी केलंय?"

"नांदेडला."

"हं." या 'हं'मध्ये मराठवाड्याच्या दोन जिल्ह्यांचा सगळा इतिहास होता, विभागीय आयुक्तालय कुठे व्हावं या वादासकट. त्यानं वही उघडली. जुनी डिस्क जोडलेली असताना विंडोज टाकलं, तर सेटअप सुरुवातीच्या फायली बहुधा जुन्या डिस्कवरच्या कोपऱ्यात ठेवतो आणि बाकी संसार नवीवर मांडतो. घर नवीन, पण दाराची किल्ली जुन्या घरी. वहीत डावीकडे 'जुनी काढली, नवी बूट होईना' असं लिहिलं होतं, उजवीकडे चार ओळी. शेवटची 'बीसीडीबूट'. त्यानं पेनड्राइव्हवरून मशीन उघडलं, शिफ्ट आणि एफ १० दाबून काळी खिडकी आणली, नव्या डिस्कच्या टोकाला थोडी जागा मोकळी करून तिथे त्या फायली लिहिल्या. पंधरा मिनिटं. फॉरमॅट नाही, काही नाही. ड्रायव्हर, स्कॅनर, मराठी टायपिंग जिथल्या तिथे. पैसे मात्र फॉरमॅटचेच घेतले, "वहीचे" म्हणाला.

त्या काळ्या खिडकीबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. तिथे डिस्कपार्ट नावाचा आदेश चालतो, आणि त्यात 'क्लीन' असं लिहून एंटर मारलं की निवडलेली डिस्क कोरी होते. खरंच का, असं ती विचारत नाही. आत दोन डिस्का असल्या तर त्या 'शून्य' आणि 'एक' अशा नावांनी दिसतात, आणि दोन्ही सारख्या आकाराच्या असल्या तर कुठली तुमच्या मुलीच्या लग्नाची आणि कुठली काल आणलेली, हे त्या खिडकीला माहीत नसतं. अशा चुकीनंतरच्या दुकानातली शांतता मी पाहिली आहे. डीटीपीवाला होता, ऐन लग्नसराई. पोरानं 'शून्य' निवडली होती. पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिकांचे साचे, गणपतीची चित्रं, आडनावांचे तयार ठसे, सगळं गेलं. शेवटी जे थोडं परत मिळालं ते उघडलं, तर नव्या विंडोजमध्ये जुना फाँट नाही, 'चि. सौ. कां.'च्या जागी रोमन अक्षरांचा कचरा. जुन्या फाँटांत मराठी अक्षरं इंग्रजीच्या घरांत बसवलेली असतात, फाँट गेला की ती उघडी पडतात. डीटीपीवाला रडला नाही. तो म्हणाला, "ह्या वऱ्हाडाला आता काय दाखवू?" त्या दिवसापासून त्या दुकानाचा नियम आहे: फॉरमॅट चालू असताना मशीनमध्ये एकच डिस्क. मामाला सगळं ज्ञान असंच येतं, कुणाचं तरी वऱ्हाड खर्ची पडून. पण एकदा आलेलं जात नाही.

हल्ली त्याचे दिवस जरा अवघड आहेत. नव्या लॅपटॉपमध्ये सेटअपला डिस्कच दिसत नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या कित्येक मशीनला व्हीएमडी नावाची भानगड असते आणि आधी तिचा ड्रायव्हर द्यावा लागतो. लातूरच्या चिठ्ठीवाल्याकडे तो असतो. नांदेडचा म्हणतो, "डिस्क गेली, बदलून आणा," आणि बदलून आणलेलीही गेलेली निघते. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा नेहमीचा आधार काढून घेतला. अकरा टाकायला टीपीएम नावाची चिप पाहिजे, इंटेलचा असला तर आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर पाहिजे. मराठवाड्यातल्या बऱ्याच टेबलांवरची मशीनं ही परीक्षा नापास आहेत. मामाला आडवाट ठाऊक आहे आणि ती तो विचारलं तरच दाखवतो. नाहीतर म्हणतो, "चालतंय तवर चालू द्या." नव्या मशीनचा दुकानदार यापेक्षा महागडा सल्ला देतो.

कुणी विचारेल, यातला बरा कोण? मी लातूरचा म्हणेन, कारण तो वाचतो आणि लिहून ठेवतो. नेमकं काय तुटलंय ते कळल्यावर त्याला घर पाडावं लागत नाही. पण रात्री नऊ वाजता, उद्या मुलीचा फॉर्म भरायची शेवटची तारीख असताना, शटर अर्धं वर करून "या मालक" म्हणणारा नांदेडचाच. लातूरच्याचं दुकान आठला बंद म्हणजे बंद.

तुम्ही कुठेही जा, एवढं करा. नव्या डिस्कवर विंडोज टाकायला दिलंत, तर जुनी डिस्क आधी तुमच्यासमोर काढून घ्या आणि रुमालात गुंडाळून खिशात घाला. विंडोज उघडल्यावर परत जोडा. "डेटा घेतलाय" यावर विसंबू नका, चार फोटो आणि दोन मराठी फायली उघडून डोळ्यांनी बघा. फाँटांची नावं कागदावर लिहून न्या. आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जाऊच नका. खरीप पीक विम्याची मुदत बहुतेक वर्षी ३१ तारखेची असते, आणि तोवर दोन्ही गावचे मामा फोन उचलत नाहीत.